अंडी कमी झाली, कवच पातळ पडतंय: परसातल्या कोंबड्यांच्या दाणापाण्याचा हिशेब

तुम्ही लिहिलंय की घरामागे आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबड्या वर्षाच्या आतबाहेरच्या. सकाळी गहू आणि मका, दिवसभर घरातलं उरलंसुरलं, शिवाय कुंपणाच्या आत मोकळं फिरणं, पण तिथलं गवत संपलेलं. आधी रोज सहा अंडी मिळायची, आता दोन-तीन. कवच पातळ, मधूनच एखादं नुसत्या पापुद्र्याचं. एक कोंबडी अंडी फोडून खायला लागली आहे, आणि एकीच्या पाठीवरची पिसं गेली आहेत. पाण्यात घालायचं कॅल्शियमचं औषध महिनाभर दिलं, पण फरक पडला नाही.

मी गेली वीसेक वर्षं कोंबड्या पाळते. ही पाचही लक्षणं एकदम सांगणारी माणसं मला बरीच भेटली आहेत, आणि बहुतेकांच्या खुराड्यात आजार नव्हता. कोंबड्यांना पोटभर मिळत होतं, पण अंड्यासाठी लागतं ते मिळत नव्हतं. म्हणून आधी हिशेब मांडते.

अंडी घालणारी मध्यम अंगाची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. पोटात जागा तेवढीच, म्हणून त्यात काय जातं हे महत्त्वाचं. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेल्यापैकी अर्ध्याच्या आसपासच अंगी लागतं, म्हणजे तिला दिवसाला ४ ग्रॅम कॅल्शियम खावं लागतं. आता १०० ग्रॅम मक्यात कॅल्शियम असतं ०.०२ ग्रॅमच्या आसपास, गव्हात ०.०४ च्या आसपास. पोट फुटेस्तोवर धान्य खाल्लं तरी गरजेचा शंभरावा भाग हाती लागतो. प्रथिनांचीही तीच गत. रोज अंडं द्यायचं तर १७-१८ ग्रॅम प्रथिनं हवीत, गहू-मक्याच्या मिश्रणातून १०-१२ ग्रॅम मिळतात. फिरताना किडे, पाला, गांडुळं मिळतात त्यानं थोडी भर पडते, पण तुम्ही म्हणता तसं कुंपणाच्या आतलं गवत केव्हाच संपलेलं असेल तर ती भरही नावापुरतीच.

मग इतके महिने अंडी आली कुठून? तिच्या हाडांतून. पहिल्या अंड्याच्या आधी दोनेक आठवडे तलंगेच्या, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबडीच्या, लांब हाडांच्या पोकळीत एक खास मऊ हाड तयार होतं. ते कॅल्शियमचं कोठार असतं. रात्री कवच बनताना आतड्यातून कॅल्शियम कमी पडलं की ती तिथून उचलते, आणि दुसऱ्या दिवशी खाण्यातून ते भरून काढते. भरून काढायला काही मिळालंच नाही तर पायाच्या आणि छातीच्या खऱ्या हाडांना हात लागतो. अशी कोंबडी काही महिने बरी दिसते, मग कवच पातळ होतं, मग अंडी थांबतात, आणि काहींचे पाय लुळे पडतात. अंडी थांबणं हा तिचा स्वतःला वाचवायचा मार्ग आहे. त्यामुळे तुमच्या दोन-तीन अंड्यांकडे मी तक्रार म्हणून बघणार नाही, वेळेवर मिळालेली सूचना म्हणून बघेन.

आता पाण्यातलं औषध का लागू पडलं नाही तेही सांगते, कारण त्यातच उपायही आहे. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि त्यातले वीसेक तास ते कवच चढवायच्या जागी असतं. कवचाचं बरंचसं काम रात्री होतं, तेव्हा कोंबडी दांडीवर झोपलेली असते आणि काही खात नाही. दिवसा पाण्यातून गेलेलं कॅल्शियम तोवर शोषलं गेलेलं किंवा बाहेर पडलेलं असतं, शिवाय त्या औषधाच्या मात्रेत ४ ग्रॅम भरतही नाहीत. याउलट शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा, म्हणजे २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे, पथरीत, म्हणजे धान्य दळणाऱ्या पोटाच्या जाड पिशवीत, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. कवचाला गरज असते नेमकी तेव्हाच पुरवठा होतो. पीठ केलेली चुनखडी तासा-दोन तासांत पुढे सरकते. म्हणून चुरा हाताला टोचेल इतका जाड असू द्या.

हा चुरा खाद्यात वरून कालवू नका, वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, पावसात भिजणार नाही अशा जागी. कोंबडीला कॅल्शियमची स्वतंत्र भूक असते. ज्या दिवशी कवच बनायचं असतं त्या दिवशी, विशेषतः संध्याकाळी, ती आपणहून त्या भांड्याशी जाते. मी हे कितीदा तरी उभं राहून पाहिलं आहे, आणि अजूनही बघत राहावंसं वाटतं. पिसं गाळणारी कोंबडी आणि कोंबडा त्या भांड्याकडे फारसे फिरकत नाहीत, आणि तेच योग्य आहे. अंड्यांची टरफलं परत द्यायला हरकत नाही, पण ती वाळवून, भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी चुरून द्या. अर्ध्या टरफलाची वाटी तशीच टाकलीत तर अंडं ही खायची वस्तू आहे हे तुम्हीच शिकवाल.

चुऱ्याशी गल्लत होते ती बारीक खड्यांची. कोंबडीला दात नसतात, धान्य पथरीत खड्यांनी दळलं जातं. हे खडे न विरघळणारे, कठीण दगडाचे लागतात. शिंपला विरघळतो, म्हणून तो दळायच्या कामाचा नाही, आणि कठीण खडा विरघळत नाही, म्हणून तो कवचाच्या कामाचा नाही. मोकळ्या मातीवर फिरणाऱ्या कोंबड्या खडे स्वतः शोधतात, बंदिस्त असतील तर एक मूठ टाकून ठेवा.

मुख्य खाणं म्हणून तयार लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं खाद्य द्या, ज्यात प्रथिनं १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के आहे. पिशवीवर हे आकडे छापलेले असतात, ते वाचून घ्या. नुसतं ‘कोंबडी खाद्य’ लिहिलेली पिशवी मांसाच्या कोंबड्यांची निघू शकते आणि त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपासच असतं. घरीच मिसळायचं असेल तर दहा किलोसाठी माझं प्रमाण असं: भरडलेला मका ५ किलो ७०० ग्रॅम, सोयाबीनची पेंड २ किलो ४०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ७०० ग्रॅम, चुनखडी किंवा शिंपला ९०० ग्रॅम (त्यातला बराचसा जाडसर, वेगळ्या भांड्यातला चुरा याशिवाय), डायकॅल्शियम फॉस्फेट १५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स व मिथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) त्यांच्या पुड्यावर दिलेल्या मात्रेनं. शेवटच्या दोन गोष्टी महाग वाटतात म्हणून लोक सोडतात आणि मग सगळं मिश्रणच लंगडं होतं. व्हिटॅमिन डी ३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. आणि कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. पेंड तयार करताना उष्णता दिल्यानं ते निष्प्रभ होतात, म्हणून पेंडच घ्या.

गहू-मका बंद करा असं मी म्हणत नाही. संध्याकाळी दांडीवर चढायच्या आधी सगळ्या कोंबड्यांत मिळून एक-दोन छोट्या मुठी जमिनीवर विखरून टाका. त्यांना खरवडायला मिळतं, तुम्हाला कोण येतंय आणि कोण मागे राहतंय ते कळतं. पण सकाळची पहिली भूक लेअर खाद्यावरच भागली पाहिजे. घरातलं उरलेलंही दुपारनंतर, पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकंच. धान्य आणि उरलंसुरलं दोन्ही मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शावर जाऊ देऊ नका. हे ऐकताना वाईट वाटतं, कारण दार उघडलं की त्या धावत येतात आणि आपल्याला काहीतरी द्यावंसं वाटतं. द्या, पण पालेभाजीच्या काड्या, कोबीचा पाला, भोपळ्याच्या बिया असं द्या. हिरव्या पाल्यानं बलकाचा रंगही गडद होतो. भात, पोळी, पाव यांनी पोट भरतं, खाद्य मागे राहतं, आणि चरबी यकृतावर चढते. अशी कोंबडी बाहेरून गुटगुटीत दिसते आणि एके दिवशी सकाळी खुराड्यात मेलेली सापडते.

काही गोष्टी अजिबात नकोत. बुरशी आलेलं धान्य किंवा पाव तर कधीच नको, त्या बुरशीचं विष यकृत खराब करतं आणि ते वास येण्याआधीही असू शकतं. खारट पदार्थ, कच्चे वाळलेले राजम्यासारखे दाणे, हिरवट पडलेला बटाटा आणि त्याची सालं, अ‍ॅव्होकाडोची साल-बी हेही टाळा. आणि हे लेअर खाद्य पिल्लांना किंवा अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना घालू नका. एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. त्यांना सुरुवातीला चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य), मग ग्रोअर (वाढत्या वयाचं खाद्य), आणि पहिलं अंडं दिसेल त्या सुमाराला लेअर. पुढे तुम्ही नवीन पिल्लं आणून सगळ्यांना एकत्र ठेवलंत तर सगळ्यांना ग्रोअर द्या आणि शिंपल्याचं भांडं वेगळं ठेवा, ज्यांना लागेल त्या खातील.

पाण्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, म्हणून मी जरा जास्त लिहिते. कवच सोडून अंड्यात जे असतं त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतं. कोंबडी खाण्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते, म्हणजे साध्या दिवसात पाव लिटर, कडक उन्हात अर्ध्या लिटरपर्यंत. ती एका वेळी थोडंच पिते, पण दिवसभर पुन्हा पुन्हा येते. दुपारी दोन-तीन तास भांडं कोरडं राहिलं तरी पुढच्या अंड्यांवर परिणाम दिसतो, आणि दिवसभर पाणी न मिळालं तर अंडी पूर्ण थांबून पुन्हा सुरू व्हायला आठवडे लागू शकतात. एका वर्षी माझं भांडं दुपारी सावलीतून उन्हात जात होतं हे मला फार उशिरा कळलं. पाणी होतं, पण गरम झालेलं, आणि कोंबड्या ते पीत नव्हत्या. तेव्हापासून मी दोन भांडी दोन ठिकाणी ठेवते, त्यामुळे दबून राहणाऱ्या कोंबडीलाही पाणी मिळतं. भांड्याची कड त्यांच्या पाठीच्या उंचीला येईल अशी विटेवर ठेवा, म्हणजे त्यात भुसा आणि विष्ठा पडत नाही. आतून हात फिरवून बुळबुळीत लागलं तर रोज घासायला हवं. आणि ते कॅल्शियमचं औषध थांबवा, चव बदललेलं पाणी त्या कमी पितात.

उन्हाळा असेल तर पातळ कवचाचं आणखी एक कारण असतं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, आणि कवच ज्या कॅल्शियम कार्बोनेटचं बनतं त्यातल्या कार्बोनेटचा कच्चा मालच कमी पडतो. त्यात ती खातेही कमी. अशा दिवसांत खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, मधल्या वेळात सावली, वारा आणि गार पाणी एवढंच बघा.

उजेडही तपासा. अंडी नियमित यायला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि दिवस लहान व्हायला लागले की बऱ्याच कोंबड्या थांबतात. हवा तर पहाटे एक मंद दिवा लावून तास वाढवता येतात. संध्याकाळी मात्र नको, कारण दिवा एकदम बंद झाला की त्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत. मी स्वतः दिवा लावत नाही. घरच्या अंड्यांपुरत्या पाळल्या आहेत, त्यांना वर्षातून दोन-तीन महिने विश्रांती मिळाली तर माझं काही अडत नाही.

आता उघड्या पाठीची कोंबडी. तिला दिवसा पकडायला पळू नका, रात्री दांडीवरून अलगद उचला आणि टॉर्चच्या उजेडात पिसं बाजूला करून बघा. त्वचेतून काटेरी, निळसर नवे कोंब वर येत असतील तर ती पिसं गाळते आहे. ही गळ डोक्या-मानेपासून सुरू होऊन मागे सरकते आणि आठ ते बारा आठवडे चालते. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिनं, त्यामुळे त्या काळात अंडी थांबणं स्वाभाविकच. पाठ आणि डोक्याचा मागचा भागच उघडा असेल, पिसं मोडकी असतील, तर ते कोंबड्याचं काम. आठ कोंबड्यांत एक कोंबडा जास्त नाही, पण त्याची एखादी आवडती असते आणि तिलाच त्रास होतो. तिला काही आठवडे वेगळं ठेवा, किंवा पाठीवर जाड कापडाची झूल बांधा. शेपटीच्या मुळाशी टोचल्यासारखं रक्त दिसलं तर दुसरी कोंबडी पिसं उपटते आहे, आणि मग गर्दी आणि प्रथिनांची कमतरता ही दोन कारणं आधी बघा. रक्ताळलेल्या कोंबडीला ताबडतोब बाजूला काढा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या थांबत नाहीत.

त्याच रात्री आणखी एक काम करा. अंधार पडून दोनेक तास झाले की पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूनं आणि सांध्यांतून पुसून घ्या. फडक्यावर लाल रेघा उमटल्या तर रेड माइट आहेत. हे डोळ्याला जेमतेम दिसणारे, गोचिडीच्या कुळातले जीव दिवसा लाकडाच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी सापडत नाहीत, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला नको म्हणतात. खुराडं रिकामं करून भेगांत उकळतं पाणी ओता, दांड्या काढून उन्हात वाळवा, भेगा बुजवा, आणि पाच-सात दिवसांनी हे पुन्हा करा, कारण तोवर अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते. ते रक्ताशिवाय कित्येक महिने जगतात, म्हणून खुराडं नुसतं रिकामं ठेवून सुटका होत नाही. उवा वेगळ्या. त्या अंगावरच राहतात आणि मागच्या बाजूला पिसांच्या मुळाशी पांढऱ्या अंड्यांचे झुपके चिकटवतात. कोरडी माती आणि थोडी राख यांचा खड्डा छपराखाली करून दिलात तर धूळस्नानानं उवांचा बंदोबस्त त्या बऱ्यापैकी स्वतः करतात. औषध मारायची वेळ आली तर पशुवैद्याला विचारून अंड्यावरच्या कोंबड्यांना चालणारंच घ्या, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारायला विसरू नका.

अंडं फोडून खाणारी बहुधा पातळ कवचामुळेच शिकली आहे. अंडं आपोआप फुटतं, ती चाखते, मग मुद्दाम चोच मारते. कवच सुधारेपर्यंत अंडी दिवसातून तीन वेळा उचला. आठ कोंबड्यांना दोन-तीन खोकी पुरतात, साधारण फूटभर लांब-रुंद, दांडीपेक्षा खालच्या उंचीवर, आत अंधार आणि चार बोटं जाड मऊ भुसा. समोर पडदा टाका. लाकडाचं किंवा चिनी मातीचं खोटं अंडं ठेवा, त्यावर चोच आपटून बहुतेक कंटाळतात. तिला काढून टाकायची घाई करू नका. माझ्याकडच्या अशा चारपैकी तिघी सुधारल्या.

खुराडं कोरडं आणि हवेशीर हवं, बाकी त्याच्या दिसण्याला महत्त्व नाही. सकाळी दार उघडून आत गुडघ्यावर बसा आणि श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर रात्रभर कोंबड्यांनी तो अमोनिया सोसला आहे. भुसा बदला आणि दांडीच्या वरच्या अंगाला वारा जायला जागा करा. ओल्या भुशातच रक्ती हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी वाढतात. नवीन कोंबडी आणली तर तीन-चार आठवडे वेगळी ठेवा, मानमोडी आणि देवीच्या लसी पशुवैद्याच्या वेळापत्रकानं द्या. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, किंवा डोकी सुजली, माना वळल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका, मेलेल्यांना उघड्या हातानं शिवू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्याला कळवा.

पुढच्या आठवड्यापासून काय दिसेल ते सांगते. खाद्य एकदम बदलू नका, सात-आठ दिवसांत जुनं कमी करत नवं वाढवा. शिंपल्याचं भांडं मात्र आजच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस त्या आधाशासारख्या खातील, खाऊ द्या. कवचातला फरक साधारण आठवड्याभरात बोटांना कळायला लागेल. अंड्यांची संख्या वाढायला तीन-चार आठवडे जातील, कारण आधी हाडं भरून निघतील. कोण देते आणि कोण थांबली आहे हे बघायचं तर रात्री उचलाल तेव्हा मागच्या बाजूच्या दोन टोकदार हाडांमध्ये बोटं ठेवा. दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे, जेमतेम एक मावलं तर थांबलेली. तेव्हाच गळ्याखालची अन्नाची पिशवीही चाचपा. ती रात्री भरलेली आणि पहाटे रिकामी असायला हवी. पहाटेही टणक किंवा पाण्यानं डुचमळणारी लागली तर त्या कोंबडीला इतरांपासून काढा, तिचं दुखणं खाद्याचं नाही आणि ते पशुवैद्याला दाखवायला हवं.

एक महिन्यानं रोजच्या अंड्यांचे आकडे, कवच कसं आहे, आणि त्या पांढऱ्या फडक्यावर काय उमटलं ते लिहा. फडक्यावर रेघा असतील तर बाकी कशाच्याही आधी खुराडं धुवायला घ्या.